सखूची मशेरी

पाग माझ्या दातांतून सुटला तेव्हा मी खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. ओहोटी लागून तास झाला होता.

पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं. दोरी डाव्या मनगटाला बांधायची, थोडं जाळं खांद्यावर घ्यायचं, शिसं ओवलेली कड एका ठिकाणी दातात धरायची आणि कमरेतून वळून फेकायचं. हात सुटला की त्याच वेळी दात सोडायचे. आधी सोडले तर जाळं गोल पडत नाही. उशिरा सोडले तर दात जातात. मी बाराव्या वर्षापासून फेकतो. माझे दात गेले नाहीत.

त्या दिवशी कड तोंडात घेतली आणि डाव्या गालाच्या आतून चटका बसला. खारं पाणी लागलं होतं. तोंड आपोआप उघडलं आणि हात गालावर गेला. जाळं गोळा होऊन समोर पडलं, धप्प आवाज झाला आणि मासळी पळाली.

मागे कुंदन उभा होता. कुंदन माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मासळीची टोपली तो सांभाळतो.

"भावजी, मासली पकडताव का धुनं धुताव?"

"पाय सरकला."

"पाय सरकला तं तोंड कनाला धरलंव?"

जाळं ओढून घेतलं, चिखल झटकला, परत खांद्यावर घेतलं. कुंदन जवळ आला आणि त्यानं माझा उजवा हात धरला. पहिलं बोट नखापासून दुसऱ्या पेरापर्यंत काळं होतं. खाडीच्या पाण्यानंही ते निघत नव्हतं.

"मशेरी?" तो म्हणाला. "तुमी मशेरी लावताव?"

"लावतो कधी कधी."

"आईशपथ! आथा लुगडं कवा नेसताव?"

तो इतका हसला की टोपली पाण्याला टेकली. त्याच्या स्वतःच्या गालात तंबाखूचा बार होता. पण आमच्या गावात पुरुष तंबाखू मळतो आणि बाई मशेरी लावते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करायची, डबीत भरायची आणि सकाळी त्या पुडीनं दात घासत बसायचं. ते बायकांचं काम. पुरुषानं केलं तर हसतात.

डोक्यावरून विमान गेलं. ते जिथे उतरतं तिथे आमची भातशेती होती. आता उलव्याच्या टॉवरांपलीकडे धावपट्टी आहे आणि आमच्याकडे खाडीचा हा तुकडा राहिला आहे. कुंदन हसायचा थांबला. "खरंच दुखतंय का?" त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो. पण त्या दिवशी परत पाग दातात धरता आला नाही. दुपारी रिकामी टोपली घेऊन आम्ही घरी आलो.

मागच्या फाल्गुनात सखू गेली. सकाळी छातीत कळ आली, संध्याकाळी संपलं. चौतीस वर्षं आम्ही एकत्र होतो.

चौतीस वर्षं ती पहाटे उठायची, पाणी भरायची आणि मागच्या दाराच्या पायरीवर डबी घेऊन बसायची. मी चहाचा कप घेऊन बाजूला बसायचो. ती बोटानं दात घासायची आणि तोंडात बोट असतानाच बोलायची. अर्धे शब्द मला कळायचे, अर्धे मी ओळखायचो. कोणाच्या घरी लग्न आहे, मीठ संपलं, तेजसचं अभ्यासात लक्ष नाही. दिवसभरात आमचं जे काही बोलणं व्हायचं ते तेवढंच. मग ती चूळ भरायची आणि उठायची. मीही उठायचो.

तेराव्यानंतर मी चहा घेऊन पायरीवर बसलो. डबी तिथेच कोनाड्यात होती. पितळेची, झाकण चेपलेलं. वास घ्यावा म्हणून उघडली. दुसऱ्या दिवशी परत उघडली. चौथ्या की पाचव्या दिवशी बोट आत घातलं. डोकं गरगरलं, घाम फुटला, तोंडाला पाणी सुटलं. आणि तो वास माझ्याच तोंडातून यायला लागला. मला बरं वाटलं.

महिन्याभरात डबी संपली. मग मी बाजारातून पानं आणली आणि तिच्याच तव्यावर भाजली. पहिल्यांदा जास्त धूर झाला. वरच्या मजल्यावर साताऱ्याकडचे भाडेकरू आहेत, ते धावत खाली आले. "काका, शॉर्टसर्किट झालंय का?" माझी सून नमिता खिडकी उघडून खोकत उभी राहिली. "नाही हो, बाबांचं काहीतरी भाजणं चाललंय," ती त्यांना म्हणाली.

आधी सकाळी एकदा लावायचो. पावसाळ्यात दुपारीही लावायला लागलो. दिवाळीपर्यंत पाच वेळा झाली. डबी लुंगीच्या गाठीत असायची. कोणी विचारलं तर दात दुखतात म्हणायचो.

पाग सुटला त्याच दिवशी नमितानं कोलंबीचं कालवण केलं होतं. मी भातावर नुसतं ताक घेतलं.

"बाबा, कोलंबी नको?"

"पोट भरलंय."

"चार दिवस झाले तुम्ही तिखट खात नाही. तोंड उघडा."

"काय?"

"तोंड उघडा म्हटलं. लाजताय काय?"

नमिता खांदेश्वरची. कामोठ्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते. एकदा ठरवलं की सोडत नाही. तिनं मोबाइलची बॅटरी लावून माझ्या तोंडात बघितलं आणि मोबाइल खाली ठेवला. माझा मुलगा तेजस जेवत होता. ती त्याला म्हणाली, "उद्या मी हाफ डे टाकते. बाबांना घेऊन जाते."

"काय झालंय?"

"पांढरं आहे. गालात."

तेजसचा हात ताटातच राहिला. गावात गेल्या वर्षी दोन माणसं गालातल्या कॅन्सरनं गेली होती. दोन्ही तिरड्यांना तेजसनं खांदा दिला होता.

कामोठ्याच्या दवाखान्यात वैदेही नावाच्या डॉक्टर होत्या. तिशीच्या असतील. मला खुर्चीत आडवं करून त्यांनी एक कागद घेतला आणि विचारायला लागल्या.

"तंबाखू खाता?"

"नाही."

"गुटखा, विडी, सिगारेट?"

"नाही."

"दारू?"

"लग्नकार्यात."

मी खोटं बोलत नव्हतो. आमच्याकडे मशेरीला कोणी तंबाखू म्हणत नाही. ती दात घासायची पूड. नमिता भिंतीशी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं.

डॉक्टर लिहीत होत्या. मला तो पेन दिसत होता. वर्षापूर्वी सखूला दवाखान्यात नेलं तेव्हाही असाच कागद होता. तिथल्या पोरानं विचारलं होतं, "पेशंटला व्यसन काय? तंबाखू?" मी म्हणालो होतो, "काय नाय." त्यानं 'नाही' लिहिलं होतं. सखू बाजूला खाटेवर होती. तिचं काळं बोट चादरीवर होतं.

"डॉक्टर," मी म्हणालो, "मशेरी लावतो."

त्यांनी पेन थांबवला. "किती वेळा?"

"पाच. सहा."

"किती वर्षं?"

"अकरा महिने."

"अकराच महिने?" त्यांनी वर बघितलं. "या वयात सुरू केलीत?"

"बायको लावायची," मी म्हणालो.

त्यांनी 'नाही' खोडलं आणि त्यावर लिहिलं. मग म्हणाल्या, "तीन बोटं उभी धरून तोंडात घाला." दोन गेली. तिसरं अर्धं गेलं. त्यांनी आरसा घालून बघितलं, दात तपासले, माझ्या गालाला बाहेरून हात लावला. मग बधिर करायची सुई टोचून गालाचा छोटा तुकडा काढला. रिपोर्ट आठ दिवसांनी मिळणार होता.

"कॅन्सर हाय का?" मी विचारलं.

"आज सांगता येणार नाही. असा पांढरा डाग बऱ्याच जणांचा तंबाखू सोडल्यावर जातो. काहींचा जात नाही, पुढे बिघडतो. तुम्ही लावत राहिलात तर मी काही करू शकत नाही. शेजारच्या खोलीत सुधीर बसलेत, त्यांना भेटूनच जा."

सुधीर तिथे तंबाखू सोडायला मदत करायचे. टेबलावर बडीशेपेची बाटली, पाण्याचा तांब्या आणि एक फोन होता. भाषण देतील म्हणून मी तयार होतो. त्यांनी भाषण दिलं नाही. "पहिली कधी लावता?" एवढंच विचारलं.

"सकाळी. मागच्या पायरीवर."

"कोण असतं बाजूला?"

मी सांगितलं. पायरी, चहा, सखू, डबी, दवाखान्यातला तो कागद, सगळं. इतकं मी वर्षभरात कोणाशी बोललो नव्हतो. नमिता तिथेच होती आणि तीही ऐकत होती. सांगून झाल्यावर मी विचारलं, "तेव्हा कागदावर मशेरी लिहिली असती तर सखू वाचली असती का?"

सुधीरनी तांब्यातलं पाणी माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाले, "मला माहीत नाही, काका. कोणाला सांगता येईल असंही वाटत नाही. आज तुम्ही सांगितलंत, त्याचा तुम्हाला उपयोग होणार आहे."

"मग आता पायरीवर बसायचं नाही?"

"बसायचं की. रोज बसायचं. डबी बरोबर घ्यायची नाही, एवढंच."

माझी कल्पना होती की आधी पायरी सोडावी लागेल.

त्यांनी सांगितलं, तलफ आली की पाच मिनिटं थांबायचं. पाणी प्यायचं, हाताला काम द्यायचं. ती येते आणि जाते. पहिले तीन दिवस वाईट, आठवडा गेला की कमी होते. कधी सोडायची ते मला ठरवायला सांगितलं. मी म्हणालो, "वर्षश्राद्ध बारा दिवसांवर आलंय. ते झालं की."

"आणि तेव्हाही पुढे ढकललं तर?"

"मग उद्यापासूनच."

नमितानं रिक्षात हात पुढे केला. मी लुंगीच्या गाठीतून डबी काढून तिच्या हातात दिली.

पहिल्या दिवशी मी पायरीवर बसलो आणि माझ्या हातांना काय करावं ते कळेना. चहा पटकन संपला. उठलो, परत बसलो. मग पाग आणला, मांडीवर घेतला आणि जाळ्याची फाटलेली घरं सुईनं विणायला बसलो. सुई दोनदा बोटात टोचली. दुपारी डोकं इतकं दुखायला लागलं की मी टॉवेल ओला करून बांधला. कोठा साफ झाला नाही. तेजसनं गाडीची चावी कुठे आहे विचारलं तर मी त्याच्यावर ओरडलो, "माज्या डोक्यावर ठेवलीय, घे!" तो बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी कड उसवून मी सगळं शिसं काढलं आणि नवीन ओवलं. गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी नमिता कामावर गेल्यावर मी डबी शोधायला लागलो. तांदळाच्या डब्यात हात घातला. मसाल्याच्या बरण्या हुंगल्या. गॅसखालच्या कपाटापुढे गुडघ्यावर बसलो आणि डोकं आत घातलं. तेवढ्यात मागे चपलांचा आवाज आला. नमिता दारात उभी होती. टिफिन विसरली म्हणून परत आली होती.

मी तसाच बसलेलो. लुंगी वर गेलेली, कोपरापर्यंत तांदळाची पांढरी भुकटी. मी त्या घरातला मोठा माणूस होतो.

"बाबा, डबी माझ्या पर्समध्ये आहे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी फेकलेली नाही. आईंची आहे, मी कशी फेकणार? तुम्हाला पाहिजे तर मागा, मी देते. पण असं शोधू नका."

तिनं पर्स ओट्यावर ठेवली. मी पर्सकडे बघितलं. मागितलं असतं तर तिनं खरंच दिली असती.

"चहा टाक," मी म्हणालो.

तिला उशीर झाला होता. तरी तिनं चहा टाकला आणि मी कप संपवेपर्यंत ती ओट्याला टेकून उभी राहिली.

पाचव्या दिवशी मात्र मी घराबाहेर पडलो आणि सरळ पुतळा काकीच्या दारात गेलो. पुतळा काकी आमच्या आळीत सगळ्यात म्हातारी. ती उंबऱ्यावर बसून मशेरी लावत होती. वास दुरूनच आला.

"काकी, चिमूटभर दे."

"कनाला रं हिरा?"

"दात दुखतंय."

"सगला गाव बोलतंय तुजे दात दुखतंय." तिनं बोट तोंडातून काढलं. "बायको जेली तं तिचे दात बी तूच घासाला लागलास का?"

"दे ना."

तिनं डबी उघडली, तळहातावर चिमूट घेतली आणि हात पुढे केला. मग म्हणाली, "तुजी सखू सोडाला निंगाली होती, ठाव हाय?"

"कवा?"

"जायच्या आधी, त्या दिवालीला. आठ दिस लावली नाय. मीनी विचारला, काय गो, बरी सुटली? तं बोलली, काकी, सुटंल. पन मग सकालची बसू कशी?"

"म्हंजे?"

"म्हंजे काय? तुजी आय कशी होती, इसरलास? सून बसलेली दिसली का हंडा द्यायची हातात. सखू नवी होती तवा तुजे बाजूला नुसती बसली असती तं घर डोक्यावर घेतला असता तुजे आयेनी. पन डबी हातात असली का कोन काय बोलाचा नाय. बाई दात घासते. तवापासून तिना डबी धरली. आय मेली, दहा वरसां झाली. पन सखू बोलली, डबी ठेवली तं हे बी उठून जातील. म्हनून परत लावाला लागली."

काकीचा हात तसाच पुढे होता. सुरकुत्यांत काळी पूड बसली होती.

"घे ना," ती म्हणाली. "हात दुखतंय माजा."

"राहू दे, काकी."

"नको?"

"नको."

"मग कनाला आयलास सकालच्याला?" ती म्हणाली आणि चिमूट स्वतःच्या दातांना लावली.

मी घरी आलो आणि मागच्या पायरीवर बसलो. ऊन वर येईपर्यंत बसलो. मी उठून गेलो नसतो. तिनं एकदा विचारायला पाहिजे होतं. मीही कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मला रडू आलं, ते वर्षभरात नीट आलं नव्हतं. नंतर भूक लागली. मी आत जाऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या.

आठव्या दिवशी रिपोर्ट घ्यायला तेजसही आला. कंटेनर यार्डातून सुट्टी घेऊन आला होता. तिघंही बाकावर बसलो. तो सारखा पाय हलवत होता. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा थांबला.

डॉक्टर वैदेहींनी कागद वाचला आणि आमच्याकडे बघून पहिलंच वाक्य बोलल्या, "कॅन्सर नाही."

नमितानं डोळे मिटले. तेजस म्हणाला, "नक्की ना मॅडम?"

"या तुकड्यात नाही. डाग आहे, त्यावर लक्ष ठेवायला लागेल. दर तीन महिन्यांनी यायचं. आणि मशेरी बंद म्हणजे बंद." मग माझ्याकडे वळल्या. "किती दिवस झाले?"

"सात."

"एकदाही नाही?"

"एकदा मागितली. घेतली नाही."

त्यांनी तेही कागदावर लिहिलं. खाली उतरल्यावर तेजसनं रसवंतीवर तीन ग्लास सांगितले. उसाचा रस गालाला लागला. चटका बसला, पण आधीपेक्षा कमी. मी दुसरा ग्लास मागितला.

वर्षश्राद्धाच्या आदल्या सकाळी मी आणि कुंदन खाडीत उतरलो. दुसऱ्या दिवशी सखूच्या पानावर तिच्या आवडीचं सगळं वाढायचं होतं, आणि मासळी मी बाजारातून आणणार नव्हतो. पाणी गार होतं. मी दोरी मनगटाला बांधली, जाळं खांद्यावर घेतलं, आणि कड हातात घेऊन थांबलो.

"भावजी, मी टाकू का?" कुंदननं विचारलं. या वेळी तो हसला नाही.

"तुला कवा जमलाय?"

मी कड उजव्या बाजूच्या दातात धरली. शिशाची आणि खाऱ्या पाण्याची चव आली. थोडं झोंबलं. वळलो, हात सोडला, दात सोडले. पाग उघडला आणि पूर्ण गोल पाण्यावर पडला. सगळी कड एकदम बुडाली.

"आयला!" कुंदन म्हणाला.

ओढला तेव्हा सात-आठ बोयटं होती, थोडी कोलंबी होती आणि एक जिताडा होता, हातभर. सखू त्याचं डोकं कोणाला द्यायची नाही. कुंदननं जिताडा टोपलीत घालून वर हात दाबून धरला. बांधावर चढताना त्यानं खिशातून तंबाखूची पुडी काढली, माझ्याकडे बघितलं, आणि परत ठेवली.

"माज्यामुले नको ठेवू," मी म्हणालो.

"तुमच्यामुले कोन ठेवतंय? हात वल्ले हायेत." थोडं चालल्यावर तो म्हणाला, "तो सुधीर रविवारी बसतो का?"

"विचारतो."

दुसऱ्या दिवशी नमितानं पान वाढलं. भात, जिताड्याचं कालवण, डोकं मधोमध, तांदळाची भाकरी, बोराएवढा गूळ. आळीतल्या बायका जमल्या होत्या. मेलेल्या बाईच्या पानावर मशेरी ठेवायची आमच्याकडे रीत आहे. नमितानं पर्समधून डबी आणली आणि माझ्यापुढे धरली. वर्षभरात मी भाजलेली पूड अजून तळाला होती.

"ठेवू का, बाबा?"

पुतळा काकी माझ्याकडे बघत होती.

"नको," मी म्हणालो. "तिला ती सोडायची होती."

काकीनं मान हलवली. नमितानं पूड चुलीत टाकली, डबी घासून कोनाड्यात ठेवली. आता तिच्यात मी पागाच्या सुया ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन पायरीवर बसलो. पाग आणला नाही, त्याला विणायचं काही नव्हतं. थोड्या वेळानं नमिता पाण्याची बादली घेऊन दारात आली. मला बघून थांबली.

"बाबा, काही पाहिजे का?"

"नाय."

"मग का बसलाय?"

"असाच," मी म्हणालो आणि बाजूला सरकलो. "तू बी बस."

तिनं आत घड्याळाकडे बघितलं. मग बादली खाली ठेवली आणि बसली.